पलंगाची खोली : मुक्कामाच्या जागेच्या स्वभावाविषयी



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी दारातच आम्हाला अडवलं. म्हणाले, सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, आपल्या वाशिमला समुद्र नाही, पद्मतीर्थ आहे. मग समुद्रकाठच्या गावात खोली कशी निवडावी यावर व्याख्यान कशाला? प्रश्न रास्त आहे. पण खरं सांगायचं तर समुद्रकाठी मुक्काम कुठे करावा हा प्रश्न समुद्रकाठच्यांना पडतच नाही. तो आपल्यासारख्यांनाच पडतो. अकोल्याहून पनवेल, पनवेलहून कुडाळ, आणि तिथून तीसेक किलोमीटर रिक्षा नाहीतर एसटी, एवढं अंतर कापून जो मालवणला पोचतो, त्याला पाठ टेकायला कुठली तरी जागा हवी असते. आणि अलीकडे नुसती जागा पुरत नाही. ती 'वेगळी' हवी, तिला 'कॅरॅक्टर' हवं.

हा शब्द आम्ही प्रथम आमच्या मुलाच्या तोंडून ऐकला. निवृत्तीनंतर आम्ही उभयता कोकणात जायचं म्हणत होतो. मुलगा म्हणाला, बाबा, साधं लॉज घेऊ नका, कॅरॅक्टर असलेली जागा बघा. आम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या दाखल्यांवर 'चारित्र्य चांगले' असं लिहीत आलो. खोलीचं चारित्र्य तपासायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. (हशा) पण शब्द डोक्यात राहिला. मराठीत त्याला काय म्हणायचं? 'चारित्र्य' बरोबर बसत नाही. 'वैशिष्ट्य' फार गुळमुळीत आहे. आम्ही 'स्वभाव' हा शब्द घेतला. माणसाला स्वभाव असतो, तसा मुक्कामाच्या जागेला असतो का? आणि असला तर तो राहायला जाण्याआधी ओळखता येतो का? आज एवढंच बघायचं आहे.

सरकारनं हे काम सोपं केलेलं आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात 'हेरिटेज हॉटेल' म्हणवून घ्यायचं तर मूळ इमारत १९५० च्या आधीची असावी लागते. राजवाडा, किल्ला, हवेली, शिकारीसाठी बांधलेला बंगला, असं काहीतरी. आणि किमान पाच खोल्या. १९३५ च्या आधीची असेल तर वरचा वर्ग मिळू शकतो. म्हणजे स्वभाव म्हणजे वय, असा हिशेब झाला.

आता आमच्या न्यायशास्त्रात व्याख्या तपासायची एक जुनी रीत आहे. 'तर्कसंग्रह' शिकवताना आम्ही दरवर्षी गाय फळ्यावर आणत असू. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी, असं म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. आणि गाय म्हणजे एकसंध खुराचा प्राणी म्हटलं, तर एकही गाय त्यात बसत नाही, तो असंभव. पन्नास सालाच्या आधीची इमारत ही व्याख्या या कसोटीवर लावून बघा. भिंती जुन्या ठेवून आतून सगळं उखडलेलं, संगमरवर आणि वातानुकूलन घातलेलं हॉटेल आत येतं. आणि १९६५ साली बांधलेलं, आजही त्याच कुटुंबाचं, त्याच चुलीवर पेज शिजणारं घर बाहेर राहतं. एकाच वेळी दोन दोष. सरकारी व्याख्या असूनही असंभव मात्र नाही, हे कबूल केलं पाहिजे.

पहिल्या खेपेला आम्हीही वयालाच भुललो. किंबहुना वयाच्या फोटोला. किनाऱ्यापासून जवळ, 'पारंपरिक वाड्याचा अनुभव' असं लिहिलेलं एक ठिकाण मुलानं मोबाईलवर शोधून दिलं. त्याचं नाव सांगत नाही. सांगायची गरजही नाही, तशी पुष्कळ आहेत. दारात बैलगाडीचं चाक भिंतीला टेकवलेलं. जात्याच्या पाळूत मनीप्लांट. कंदिलात विजेचा दिवा. आपण जिला बंगई म्हणतो ती पितळी कड्यांची बंगई, पण तिच्यावर 'बसू नये' अशी पाटी. दुपारच्या 'कोकणी थाळी'त पनीर. आमच्या सौभाग्यवतींनी जात्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचं माहेर रिसोडकडचं. पहाटे जात्याच्या घरघरीनं जागी होणारं घर. ती एवढंच म्हणाली, "याचा खुंटा कुठे आहे?" खुंटा नव्हता. दळायचंच नव्हतं तर खुंटा कशाला?

आम्ही त्या रात्री यावर विचार करत पडलो. ती जागा नवी होती म्हणून आमची तक्रार नव्हती. नवी जागा प्रामाणिक असू शकते. एसटी स्टँडसमोरचं साधं लॉज प्रामाणिक असतं, ते तुम्हाला खाट, पंखा आणि बादली यापलीकडे काही सांगत नाही. तक्रार ही होती, की इथल्या एकाही वस्तूला काम उरलं नव्हतं. चाक फिरत नव्हतं, जातं दळत नव्हतं, बंगईवर बसता येत नव्हतं. वस्तू होत्या आणि त्यांचा संसार नव्हता. आपल्याकडे कारंजाच्या गुरुमंदिरात येणारा भाविक भक्तनिवासात उतरतो तेव्हा खोलीला स्वभाव आहे का हे तो विचारत नाही, कारण तो ज्या कामासाठी आला ते काम पहाटे काकड आरतीला सुरू होतं. खोली फक्त पाठ टेकायला. सहलीला आलेल्या माणसाला असं काम नसतं, म्हणून तो ते खोलीकडून मागतो. खोलीनंच आपल्याला काहीतरी दाखवावं, सांगावं, असं त्याला वाटतं. ही मागणी मुळातच थोडी अवघड आहे, हे आम्हाला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला, दोन वर्षांनी फेब्रुवारीत, आम्ही चौकशी करून एका घरात उतरलो. मालवणातच, बाजारापासून जरा आत, माडांच्या आड. महाराष्ट्राच्या पर्यटन खात्यानं 'न्याहारी-निवास' नावाची योजना आणली, घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि सकाळची न्याहारी द्यायची, त्या धर्तीवर चालणारं घर. सिंधुदुर्गाला १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केल्यानंतर अशी घरं वाढत गेली. समुद्र या घरातून दिसत नव्हता. आम्ही जरा खट्टू झालो. मग लक्षात आलं, की तिथली बहुतेक जुनी घरं समुद्राकडे तोंड करून बसलेलीच नाहीत. ज्याला पावसाळ्याचे चार महिने खारा वारा आणि आडवा पाऊस सोसायचा आहे, तो समुद्र बघायला घर बांधत नाही, समुद्रापासून आडोसा मिळावा म्हणून बांधतो. खिडकीतून समुद्र दिसावा ही पाहुण्याची कल्पना आहे. रत्नागिरीला ब्रह्मदेशचा थिबा राजा इंग्रजांनी कैदेत आणून ठेवला, १९१० नंतर तो टेकडीवरच्या त्या देखण्या राजवाड्यात राहिला आणि १९१६ साली तिथेच गेला. त्याच्या वाड्यातून खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. आजच्या दरपत्रकात त्या खोलीला सगळ्यात जास्त भाडं लावलं असतं. तिथून निघायची परवानगी तेवढी नव्हती.

तर ते घर. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, तिच्यापुढे शेणानं सारवलेलं खळं. आपण वऱ्हाडातली माणसं उन्हाशी भांडत घर बांधतो. जाड मातीच्या भिंती, वर माळवद, पुढे ढेलज, लहान झरोके. त्यांचं भांडण पावसाशी. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे. आपल्याकडे त्याचा तिसरा हिस्सा पडला तरी आपण नदीला पूर आला म्हणतो. त्यामुळे छप्पर इतकं उतरतं, की पडवीत शिरताना आम्हाला वाकावं लागलं. तीन दिवसांत आमच्या कपाळाला दोनदा वासा लागला. चौथ्या दिवशी लागला नाही. घरानं आम्हाला शिकवलं होतं. रात्री कौलांवर नारळ पडला तेव्हा हिनं आमचा हात घट्ट धरला होता, ही गोष्ट लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर सांगण्यासारखी आहे. (हशा)

जेवणाचं असं, की रात्री आठला जेवायचं. नऊला स्वयंपाकघर बंद. दुसऱ्या दिवशी आम्ही बांगडा मागितला. घरच्या वहिनी म्हणाल्या, "आज होडी गेलीच नाय, काका. वारो सुटलोहा. उसळ आसा, सोलकढी आसा." आणि विषय संपला. आदल्या खेपेच्या त्या चाकवाल्या हॉटेलात जे मागू ते मिळत होतं. इथे समुद्र नाही म्हणाला, म्हणून घरही नाही म्हणालं.

आम्ही खूश झालो. सापडलं, असं वाटलं. त्या रात्री डायरीत आम्ही व्याख्या लिहून टाकली : ज्या जागेला स्वभाव असतो ती जागा पाहुण्याला नकार देऊ शकते. वेळेला नाही म्हणते, पदार्थाला नाही म्हणते, उंच माणसाच्या डोक्याला नाही म्हणते. जी सगळ्याला हो म्हणते तिचा स्वभाव विकला गेला आहे. माणसाचंही तसंच असतं की. ज्याला कधी नाही म्हणता येत नाही त्याला आपण स्वभावानं चांगला म्हणतो खरे, पण त्याचा स्वभाव काय हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

कांटची आठवण झाली. १७९५ साली, एकाहत्तराव्या वर्षी, त्यानं शाश्वत शांततेवर एक निबंध लिहिला. त्यात आतिथ्याचा भाग आहे. परक्या माणसाला दुसऱ्याच्या भूमीवर शत्रूसारखं वागवलं जाऊ नये, एवढा हक्क आहे, असं तो म्हणतो. हा भेटीचा हक्क. पण घरातला पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा करार लागतो. त्याच्या जिवावर बेतणार नसेल तर यजमान त्याला परतही पाठवू शकतो. क्योनिग्सबर्गसारख्या बंदराच्या गावात जन्म काढलेला, कुठे फारसा प्रवास न केलेला हा माणूस, मुक्कामाची खोली शोधण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच आली असेल. पण यजमानाला नकाराचा अधिकार असतो ही गोष्ट त्याला बरोबर दिसली होती. आमची व्याख्या आणि कांट जुळत होते. झोप छान लागली.

आता त्या पलंगाविषयी सांगतो. खोली ठरवताना आम्ही फोनवर आग्रह धरला होता. घरात तीन खोल्या देण्यासारख्या होत्या, दोन मागे नव्या बांधलेल्या, एक माजघराला लागून जुनी. जुनीत शिसवी पलंग होता, मच्छरदाणीचे चार खांब असलेला. आम्ही म्हटलं, नवी नको, पलंगाचीच द्या. वहिनी जरा थांबल्या आणि बरं म्हणाल्या. त्या थांबण्याकडे आम्ही लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, ही उठली. परत आली तेव्हा दिवा न लावता पलंगाच्या कडेला बसून राहिली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "आजी स्वयंपाकघरात झोपल्या आहेत. चुलीपाशी, खाली चटईवर." वहिनींच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या. आम्हाला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. पलंग त्यांचा होता, खोलीही त्यांचीच. भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली जपाची माळ आम्ही दोन दिवस 'किती छान' म्हणून बघत होतो.

सकाळी आम्ही मागच्या खोलीत जातो म्हणालो. वहिनी संकोचल्या. आजी मात्र अंगणात माडाची झावळं सोलत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "माका खंयय झोप येता. खोली पैसे देता, मी काय देतंय?"

आम्ही त्या वाक्यापुढे गप्प बसलो. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेल्या माणसाला गप्प बसवणं सोपं नसतं, हे माझ्या, म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांना विचारा. आदल्याच रात्री आम्ही लिहिलं होतं, की हे घर नकार देऊ शकतं म्हणून त्याला स्वभाव आहे. बांगड्याला नकार देता आला होता. पलंगाला देता आला नव्हता. त्या वर्षी मागच्या पडवीची कौलं परतायची होती, मजुरी वाढली होती, आणि जुनी खोली नवीपेक्षा तीनशे रुपयांनी महाग जात होती. ती महाग का जात होती? आमच्यासारख्यांनी तिला स्वभाव आहे असं म्हटलं म्हणून.

कोकणातल्या स्वागताचं एक वाक्य आपण सगळ्यांनी पाट्यांवर वाचलेलं आहे : येवा, कोकण आपलोच आसा. या वाक्याचा आम्हाला आधी लोभ होता. आता त्यातला 'आपलोच' टोचतो. बोलणारा मोठ्या मनानं बोलतो, पण ऐकणारा ते शब्दशः घेतो. आपलंच आहे तर पलंगही आपला, आणि भिंतीवरची माळ शोभेची.

इथे एक आक्षेप येईल, तो आम्ही स्वतःच घेतो. तुम्ही नकाराचं एवढं कौतुक करता, पण या देशात घरांनी आणि धर्मशाळांनी कुणाला नकार दिले ते आठवा. जुन्या घराची सगळी रचनाच नकाराची आहे. कुणी खळ्यात थांबायचं, कुणी पडवीपर्यंत यायचं, कुणाला माजघर दिसेल, हे जातीनं ठरलेलं होतं. आपल्या वाड्यांतली ढेलज काय वेगळी होती? ज्या उंबऱ्याला आपण आज 'किती सुंदर कोरीवकाम' म्हणतो तो काही लोकांनी पिढ्यान् पिढ्या आतून पाहिलेला नाही. डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना मुक्कामाला जागा मिळेना. शेवटी पारशांच्या एका मुसाफिरखान्यात पारशी नाव सांगून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ती जागा वर्णन केली आहे. वरच्या मजल्यावरची लहानशी खोली, शेजारी अडगळीनं भरलेलं मोठं अंधारं दालन, दुसरा एकही मुक्कामी नाही. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. आजच्या जाहिरातीच्या भाषेत त्या इमारतीला 'जुन्या काळाचा गूढ स्पर्श' म्हटलं असतं. त्या माणसाला त्या रात्री शहरात डोकं टेकायला जागा नव्हती.

म्हणून आमची डायरीतली व्याख्या अपुरी पडते. आम्ही ती खोडली नाही, तिच्याखाली दुरुस्ती लिहिली. नकार दोन जातींचे आहेत. एक नकार पाहुण्याच्या लहरीला असतो : आज मासा नाही, नऊला जेवण बंद, ही खोली आजींची आहे. दुसरा नकार पाहुण्याच्या माणूसपणालाच असतो. पहिला ज्या घराला देता येत नाही ते घर लाचार झालेलं असतं. दुसरा जे घर देतं त्याच्या वास्तुकलेचं कितीही कौतुक करा, तिथे राहायला जाऊ नये. आणि ही दुसरी गोष्ट इतिहासजमा झाली असं समजू नका. आडनाव विचारून मग 'खोली शिल्लक आहे का बघतो' म्हणणारे आजही भेटतात. आम्हाला भेटले आहेत. आमचं आडनाव चाललं, आमच्या बरोबरच्या मित्राचं चाललं नाही. आम्ही दोघंही दुसरीकडे उतरलो. त्या जागेचं लाकूडकाम फार सुरेख होतं, हेही खरं आहे.

आता कुणी म्हणेल, मग जुन्या घरांत उतरूच नये का? लॉज बरं? तसं नाही. पणजीला फोंतेन्यास हा भाग आहे. मांडवीच्या मुखाजवळच्या या गावाला १८४३ साली पोर्तुगीजांनी राजधानीचा दर्जा दिला, आणि टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून नाव पडलेली ही वस्ती तिच्या आधीपासूनची. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, कौलारू छपरं, अरुंद गल्ल्या, १८१८ साली बांधलेलं सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल. तिथल्या काही घरांत आज पाहुण्यांच्या खोल्या आहेत. आम्ही अशा एका घरात दोन रात्री राहिलो. त्या घरची माणसं केव्हाच परदेशी गेली होती. घर बंद पडून कोसळण्याच्या बेतात होतं आणि खोल्या भाड्यानं दिल्यामुळे ते उभं राहिलं. इथे कुणाची खोली आम्ही घेतली नव्हती. कोकणातही अशी कुलूपबंद घरं गावोगाव आहेत, वारस मुंबईत, कौलं फुटलेली, माजघरात वाळवी. त्यांतल्या एखाद्यात पाहुणे आले तर निदान दिवा लागतो. तेव्हा मुक्काम घराला मारतो असं सरसकट म्हणता येत नाही, कधी तो घर वाचवतो. पण फोंतेन्यासच्या त्याच गल्लीत ज्या घरांत माणसं राहतात त्यांच्या दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. दिवसभर कुणी ना कुणी त्यांच्या पायरीवर उभं राहून फोटो काढून घेत असतं. त्या पाट्या आम्हाला आवडल्या. त्या गल्लीत घरांचा खरा स्वभाव कुठे दिसत असेल तर तो त्या पाट्यांवर, रंगात नव्हे.

राहायला जाण्याआधी हे ओळखायचं कसं, हा प्रश्न राहिला. फोटो उपयोगाचे नाहीत, फोटोत माणूस नसतोच. आपल्या गावाचंच उदाहरण देतो. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या वराहदेवानं अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं भिक्षूंना दान केलं. आपण तिथे चित्रं बघायला जातो आणि विसरतो, की ते विहार आहे, मुक्कामाची जागा. भिक्षूंनी राहावं म्हणून खोदलेली. त्याचा कोरीव लेख तिथे बाहेर आहे. त्यात इतर स्तुती भरपूर आहे, मंत्री होता तो. पण खिडक्या, दारं, खांब, जिना, आणि मुबलक पाण्याचं टाकं यांचाही उल्लेख त्यानं केला आहे. उजेड कुठून येतो आणि पाणी कुठे आहे, हे सांगितलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा आपला गाववाला आजच्या मोबाईलवरच्या जाहिरातीपेक्षा जास्त कामाची माहिती देतो. मालवणच्या समोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तिथेही चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत, म्हणून तिथे माणूस राहू शकला. आजही किल्ल्यात थोडी कुटुंबं राहतात. मुक्कामाची जागा बघताना आधी पाणी बघावं. मे महिन्यात पाणी कुठून येतं हा प्रश्न आम्ही फोनवर विचारतो. टँकरनं येतं असं उत्तर आलं तर चार माणसांनी दिवसातून दोनदा शॉवर घ्यायचा की नाही याचा विचार करावा, कारण तो टँकर शेजारच्या वाडीतल्या हंड्यांपुढे उभा राहणार नाही.

दुसरं आम्ही विचारतो : घरातली माणसं कुठे झोपतात? प्रश्न आगाऊ वाटतो. पण विचारल्यापासून आम्हाला कुणी रागावलेलं नाही. उलट बहुतेक वेळा पलीकडचा आवाज जरा सैल होतो.

तिसरा प्रश्न आम्हाला आजींच्या घरानंच शिकवला. गेल्या वर्षी आमच्या मुलाला सुट्टी होती ती नेमकी भाद्रपदात. आम्ही त्या वहिनींना फोन केला, म्हटलं, गणपतीत दोन खोल्या मिळतील का? त्या हसल्या. "गणपतीत नाय हां, काका. तेव्हा मुंबैसून घरातली येतत. आयेक तिची खोली व्हयी." गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या घरात चाकरमानी येतात, आरत्या, भजनं, उकडीचे मोदक, आणि पडवीत रांगेनं अंथरुणं. तेव्हा ते घर विकायला नसतं. पैसे जास्त मिळतात म्हणून जी जागा गणपतीतही तीच खोली देते, तिच्या कौलांचं वय काहीही असो. आता आम्ही कुठल्याही नव्या घराला आधी गणपतीच्या तारखा मागतो. मिळत नाहीत असं कळलं की मग डिसेंबरच्या मागतो. थोडी लबाडी आहे यात, कबूल.

मुलाची सुट्टी हुकली. आम्ही दोघं येत्या डिसेंबरात जातो आहोत. मागची नवी खोली चालेल, असं कळवलं आहे. हिनं आजींसाठी इथून ज्वारीचे पापड घेतले आहेत. त्यांना चावता येतील का याची आम्हाला शंका आहे. आणि मागच्या खोलीला कमोड आहे की नाही, ते मात्र आम्ही विचारून घेतलं. आहे.